तीर्थपुरीच्या मैदानावर टेंभुर्णीची आरती

तीर्थपुरीला मुलींचे फुटबॉल सामने आहेत एवढं कळलं आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं जालन्याहून निघालो. मी, एसटीत ड्रायव्हर म्हणून उभा जन्म काढलेले रऊफभाई आणि आमचे निवृत्त गुरुजी. तिघांपैकी कुणीच कधी फुटबॉल खेळलेलं नाही. बघतो मात्र सगळं. आम्ही अंबडला गाडी बदलली. पुढं रस्ता बरा आहे, अधूनमधून मोसंबीच्या बागा लागतात. जाणार असाल तर भजी स्टँडजवळच खाऊन घ्या, मैदानाकडे चहाशिवाय काही मिळत नाही.

सकाळच्या सामन्यात टेंभुर्णीच्या बचावातली आरती डोळ्यांत भरली. वय असेल सतराच्या आसपास. समोरून येणाऱ्या मुलीच्या पायातून चेंडू इतका अलगद काढून घ्यायची की तिला कळायचंही नाही. पण पाठीमागून कोण पळत निघालंय, ते आरतीच्या ध्यानात यायचं नाही. सामना संपल्यावर यावरच आमची जुंपली. गुरुजींच्या मते ही खोट जन्माची, जायची नाही. रऊफभाई म्हणाले, पोर लहान आहे, शिकेल. मी दोन्हीकडून बोललो.

पाण्याच्या टाकीपाशी ती आमच्या मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मागचं दिसत न्हाई ते मला बी कळू राह्यलं, काका," ती म्हणाली. "पण मंग करायचं काय, ते कोणीच सांगत न्हाई."

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. शेवटी रऊफभाई बोलले. "गाडी चालवताना मी समोर बघायचो अन् घडी घडी आरशात. तशी मान फिरवत जा, बेटा."

दुपारच्या सामन्यात तिनं तेच केलं. मागून घुसणाऱ्या मुलीला दोनदा आधीच गाठलं. शेवटी शेवटी मात्र मान मागं वळलेली असतानाच चेंडू तिच्या पायाजवळून निसटला आणि गोल झाला. त्या एका गोलनं टेंभुर्णी हरली.

रऊफभाई उठून तिच्याकडे गेले, मागोमाग आम्हीही. ती बुटाची नाडी सोडत बसली होती. डोळे लाल झाले होते.

"माझंच चुकलं, बेटा," ते म्हणाले.

"न्हाई, काका. बॉल लांब हाय तोवरच मागं बघून घ्यायचं. जवळ आल्यावर न्हाई. एवढंच राह्यलं."

संध्याकाळी आम्ही परतलो. घरी बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या पोरीला तुम्हीच हरवलं की." इतकी वर्षं आम्ही मैदानाबाहेर बसून वाट्टेल ते बोलत आलो. कुणी ऐकत नव्हतं, म्हणून निर्धास्त होतो.