कायद्यानं न मागितलेलं पान

मुजावर साहेब गेल्याचं त्यांच्या धाकट्या मुलीनं, शबानानं, फोनवर कळवलं. दुपारी जेवले, जरा पडले, ते उठलेच नाहीत... महिना झाला त्याला. सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका पंपांच्या कारखान्यात ते मुख्य हिशेबनीस होते आणि मी त्यांची टायपिस्ट. मिरजेहून बसनं यायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत शेंगा सोलत काहीतरी इंग्रजी वाचत बसायचे. त्यातच एकदा मुंबईहून एक पातळ पुस्तिका आली, आंतरराष्ट्रीय हिशेबमानकांची. कंपनीनं कुठली वस्तू कोणत्या रीतीनं मोजली हे वाचणाऱ्याला सांगावं, आणि पडून राहिलेला माल आज येईल त्या कमी किमतीलाच धरावा, असं त्यात होतं. आपल्याकडे तेव्हा तशी सक्ती नव्हती. पण साहेब पुस्तिका मिटून उठले ते थेट गोदामात गेले. तिथं जुन्या धाटणीचे पंप दोन पावसाळे पडून होते, आणि आमच्या कागदांवर मात्र बनवायला आलेल्या पुऱ्या खर्चाला धरलेले होते.

त्या वर्षीच्या अहवालासाठी त्यांनी एक जादा पान लिहिलं, साध्या मराठीत. आमचे भागधारक म्हणजे इस्लामपूरकडचे ऊसवाले, साताऱ्याकडचे पेन्शनीत निघालेले फौजी. जुने पंप कसे धरलेत आणि आज त्यांना तेवढी किंमत येणार नाही, हे त्यात सरळ लिहिलं होतं. अध्यक्षांनी मला बोलावून ते पान सोडून अहवाल पुन्हा टाइप करायला सांगितलं. मी घाबरले. साहेबांना म्हटलं, "राहू दे ना सर, कोण मागतंय ते? शबानाचं शिक्षण व्हायचंय अजून." ते रागावले नाहीत. अध्यक्षांच्या खोलीत गेले आणि सांगून आले, "पान नसेल तर अहवालाखाली माझी सहीही नसेल." पान राहिलं.

वार्षिक सभेत साताऱ्याकडचे एक वयस्क सुभेदार उठले. हातात तेच पान.

"सायेब, ह्ये घालायला कायद्यानं सांगितलंय व्हय?"

"नाही."

"मग घातलंसा कशापायी?"

"तुम्हाला आमचं गोदाम बघायला मिळत नाही, म्हणून."

सुभेदारांनी पानाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "फुडच्या साली बी घाला. न्हाई घातलं तर आमी इचारू." आणि बसले.

काहींनी शेअर विकले, सुभेदारांनी नाही. व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती अध्यक्षांच्या पुतण्याला मिळाली. साहेब त्याच टेबलावर राहिले. मी एकदा त्यावरून हळहळले, तर त्यांनी शेंगांचा पुडा माझ्याकडे सरकवला, बस्स. पुढे आपल्याकडेही तशी मानकं आली, आणि पुतण्या स्वतः त्यांच्या टेबलाशी येऊन विचारू लागला, की हे कसं लिहायचं...

परवा मिरजेला भेटायला गेले. भाभींनी, साहेबांच्या पत्नींनी, चहा ठेवला. तेवढ्यात पोस्टमन एक लिफाफा टाकून गेला, साहेबांच्या नावचा, कुठल्याशा कंपनीचा अहवाल. भाभींनी तो फोडला, गुळगुळीत फोटोंची पानं न बघताच पुस्तक उलटं केलं, मागचं हिशेबाच्या बारीक टिपांचं पान उघडलं आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर तसंच उघडं ठेवलं.

"त्यांना वाचायला इथूनच लागायचं," म्हणाल्या, आणि चहा गाळायला आत गेल्या.