करवतमावशीचं ऑर्किड

हॉस्पिटलात प्लास्टर काढायच्या खोलीत एकतीस वर्षं घालवली, म्हणून तिला सगळे करवतमावशी म्हणत. हात मोडलेला येवो, पाय मोडलेला येवो, रडणारा येवो नाहीतर शिव्या देणारा, मावशी ती गुरगुरणारी छोटी करवत घेऊन समोर बसायची नि दम भरायची, "हलायचं नाही. आजवर कुणाला खरचटलेलं नाही, तुमच्यापासून सुरुवात करायला लावू नका." नवरा गवंडी. या घरात एक जण दिवसभर लिंपतो आणि दुसरी दिवसभर फोडते, संसार टिकला कसा देव जाणे, अशी शेजाऱ्यांची थट्टा चालायची.

टिकला तो चांगला चौतीस वर्षं. मग गवंडी गेला आणि मागं राहिलं ते त्यानं आणलेलं ऑर्किड.

ऑर्किड म्हटल्यावर खिडकीतलं नाजूक रोप डोळ्यांसमोर आलं असेल तर विसरा. हे धूड होतं, धूड! एका बंगल्याच्या कामावर मालक ते उकिरड्यावर टाकायला निघाला होता, तिथून गवंड्यानं पोत्यात घालून घरी आणलेलं. तेव्हा चार फुगीर खोडं होती. वाढत वाढत ते मावशीच्या खांद्याला लागलं. फुलं तळहाताएवढी, जांभळी, आणि वास असा की जिना चढणारे थबकायचे. पण गेली दोन वर्षं एक फूल नाही. पानं पिवळी, खोडं सुरकुतलेली. मावशीनं जागा बदलली, खत बदललं, पाणी वाढवलं, पाणी तोडलं. झाड आपलं ढिम्म.

शेवटी रोपवाटिकेतला म्हातारा घरी येऊन कुंडी हुंगून गेला. "मुळं कुजताहेत. आठवड्याच्या आत बाहेर काढा. पण खरं सांगू? एवढं आजारी झाड काढलं की दहातली आठ मरतात. नवीन घ्या, मी देतो."

"नवीन तुमच्याकडेच ठेवा," मावशी म्हणाली. "मी हे काढणार आणि हे जगणार."

"आई, तुमचं मनगट दुखतंय ना?" सुनेनं आठवण करून दिली.

"मनगट माझं, झाड माझं. तू फक्त जुनी चादर आण."

रविवारी सकाळी गॅलरीत चादर अंथरली. सुरी जाळावर धरून घेतली. कुंडी सरळ हातोडीनं फोडली, कारण मुळं तिला इतकी घट्ट चिकटतात की ओढली तर सोलून निघतात. सालीचे तुकडे नि कोळसा भसाभसा गळला. असलं झाड मातीत लावत नाहीत. मुळांना हवा लागते आणि पाणी खालच्या भोकातून निघून जावं लागतं. पण तळाशी काही गळेना. मावशीनं बोटं घातली तर टणक! भोक पार बुजवून सिमेंटचा हा एवढा गोळा बसला होता.

तीन वर्षांपूर्वी ती ड्युटीवर असताना कुंडी बदलली होती ती गवंड्यानं.

"अहो!" मावशी अशी ओरडली की रस्त्यावरच्या दोघांनी वर बघितलं. "काय करून ठेवलंत हे! झाड लावलंत की पूल बांधलात? स्वतः गेलात, आणि हे मला निस्तरायला ठेवलंत!"

सून हसू दाबत होती. मग तिचं लक्ष गोळ्याकडं गेलं आणि हसू विरलं. सिमेंटवर चार बोटं उमटली होती, करंगळी जरा वाकडी.

"आई, ही बाबांची..."

"दिसतंय मला."

"मग मुळं वरून कापा ना. गोळा जपून ठेवू."

मावशीनं मुळं चाचपली. बहुतेक मऊ, तपकिरी. दाबली की साल हातात आणि आत नुसता दोरा. एका बाजूला मात्र कुंडीला चीर होती, तिथून हवा येत असणार. त्या बाजूची सात मुळं टणक आणि पांढरी होती. आणि ती नेमकी बोटांच्या खुणांतून सिमेंटच्या भेगांत शिरलेली.

"एवढीच जिवंत आहेत," ती म्हणाली. "ही कापली तर उरलं काय?"

मावशीला रडू आलं. आलं ते आलं, लपवलं नाही. नाक पुसलं आणि नवऱ्याच्या पिशवीतली बारीक छिन्नी काढली. कडक आवरणाच्या आत जिवंत कुठं आहे ते आधी बोटांनी ओळखायचं, मग हत्यार लावायचं, हेच तर जन्मभर केलं होतं. पहिली गेली करंगळी. दुपारपर्यंत चारी बोटं गेली आणि सातातली सहा मुळं धडधाकट निघाली. कुजका अर्धा भाग कापून फेकला, बुरशी धरू नये म्हणून जखमांवर दालचिनीची पूड लावली.

नव्या कुंडीत मात्र ते उभंच राहीना. वाऱ्याबरोबर डुलायला लागलं. तिनं म्हाताऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"डुलू देऊ नका हं," तो म्हणाला. "नवं मूळ घासून मरतं. काठ्या लावून आवळून बांधा. सिमेंट ओतणाऱ्याला पक्कं बसवायला हवं एवढं कळत होतं बघा."

मावशीनं फोन ठेवला नि सिमेंटचा एक तुकडा उचलला.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

"मीच त्यांचं डोकं खायचे गं. वारा आला की पडतं, वारा आला की पडतं. गवंडी ना तुम्ही, एक कुंडी धड उभी करता येईना? मग केली त्यांनी उभी, आणि बोलले काही नाहीत. त्यानंतर ते एकदाही पडलं नाही, आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

मग ती उठली. तीन काठ्या रोवल्या, कापडाच्या पट्ट्यांनी खोडं आवळली. जखमा सुकेपर्यंत पाणी घालायचं नव्हतं. पंधरा दिवस हात शिवशिवले, पण थेंब घातला नाही. पानं गळत राहिली तरी हटली नाही.

सातव्या आठवड्यात बुंध्याशी हिरव्या टोकाचं मूळ निघालं. मावशीनं खोड धरून जरा हलवून पाहिलं. हललं नाही.

"अहो, बसलं बरं का पक्कं," ती मोठ्यानं म्हणाली.