औषध म्हणू नका

"यांनी औषध घेतलंय का?" सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं औषध घेतलं म्हणजे जीव द्यायला घेतलं. "आवं बाई, ते कशाला घेतील? सकाळधरनं द्राक्षबागंला मारत हुतं!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

मालकांच्या तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, मांड्या आपोआप उडत होत्या. बाईंनी बॅटरीनं डोळे बघितले. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या.

"ऑर्गनोफॉस्फेट पॉयझनिंग," त्या म्हणाल्या. म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. छातीत पाणी साठतं, श्वास बंद पडतो.

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या टॉवेलवर गेली. "हा कुठला?"

फवारताना मालक तोंडाला तोच बांधायचे. आमच्या कुंडल गावापासून गाडीत सारखा फेस येत होता, घाम येत होता. मी त्यानंच पुसत आले.

"टाका तो! ते कातडीतनं आत जातं. सिस्टर, कपडे काढा यांचे, साबणानं अंग धुवा."

तासभर मी माझ्या हातानं नवऱ्याला विष चोळत होते. आई गं! मी टॉवेल तिथंच भिरकावला.

उतारा म्हणून अॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू झाली. श्वासासाठी व्हेंटिलेटर, म्हणजे घशात नळी. रोज रक्त तपासायचे आणि रोज म्हणायचे, "अजून सांगता येत नाही." शिराळ्याहून धाकटे दीर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, खरं सांगा, घरात भांडण झालं हुतं का?"

सहाव्या दिवशी नळी निघाली. बसक्या आवाजात मालकांनी पहिलं काय विचारावं? "ऱ्हायलेली बाग कुणी मारली?" मी लय रडले.

बायांनो, तुमच्यावर ही वेळ आली तर लाजू नका. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आधी त्यांचे कपडे उतरवा, साबणपाणी घाला आणि तडक दवाखाना गाठा. फवारणीची बाटली सोबत न्या. न किळसता मालकांचं अंग धुणाऱ्या त्या सिस्टरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मालकांना आता फवारणी कायमची बंद. हात थरथरतो, छाटणीची कात्री धरवत नाही. दुकानात जाऊन मी बागेचं औषध न म्हणता इख, म्हणजे विषच मागते. लोक हसतात, हसू देत.

जेवण झालं की मालक हात पुढं करतात. "अगं, औषध दे."

मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते. तांब्या त्यांच्या तोंडाला लावत मी म्हणते, "आवं, गोळी म्हणा."