दानम्माअक्का लाउंजात बसून आली

विमानतळावर लाउंज नावाचं काही असतं हे जगदेवीला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तोवर ती सुखात होती असंही नाही म्हणा. तिच्या पोटात दुखायला तिची थोरली जाऊ, दानम्माअक्का, तीस वर्षं पुरून उरली होती.

जगदेवी मुदखेडची. बापाचं स्टेशनासमोर किराणा दुकान. लातूरच्या गुरुपादप्पांशी लग्न होऊन ती सासरी आली, तेव्हा दानम्मा तिथं तीन वर्षं आधीच आलेली. मग काय, आयुष्यात जे जे चांगलं यायचं ते आधी अक्काच्या दारी. पहिला पोरगा अक्काला. घरातला पहिला मिक्सर अक्काच्या माहेराहून. पुढं भाऊ वेगळे निघाले, अंगणात मधोमध भिंत घातली, तर नळाची तोटी नेमकी अक्काच्या बाजूला! लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येणार, त्यात तोटी जावेच्या अंगणात. ही जळजळ काय असते ते जिचं तिला माहीत. बरं, अक्का खाष्ट असती तर भांडून तरी मोकळं होता आलं असतं. पण नळ आला की अक्का न सांगता दोन घागरी भरून भिंतीवर ठेवायची. त्यानं तर जगदेवीच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

एकच गोष्ट जगदेवीची एकटीची होती. गल्लीतल्या लिंगायत बायकांत सोवळ्यानेमाचा, सणावाराचा, स्वयंपाकाचा शब्द तिचा चालायचा. सोमवारी मठात भजन झालं की बायका तिच्याभोवती बसायच्या. न्हाऊन, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नसे, आणि दुसऱ्या कुणी घेतला तर सोडत नसे. एकदा गंगम्माची सून अक्षरा पूजेआधी चहा प्यायली. जगदेवीनं भर मठात तिला असं फैलावर घेतलं की पोरगी रडत घरी गेली. गंगम्मानं तेव्हा काही म्हटलं नाही. पण गंगम्मा विसरणाऱ्यांतली बाई नव्हे.

आणि मग अक्काच्या लेकानं, शिवप्रसादनं, आईला विमानानं काशीला नेलं. अक्काचे मालक जाऊन चार वर्षं झाली होती, दुखण्यात अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं तिनंच केलं होतं, म्हणून लेकाला वाटलं आईला जरा फिरवून आणावं. नांदेडहून छोटं विमान, हैदराबादला उतरून मोठं. मधे तीन तास, ते लाउंजात.

काशीहून आल्यावर बायकांनी काशीचं विचारलं एकदाच. लाउंजचं मात्र दर सोमवारी.

"पायाखाली ह्यो एवढा जाड गालिचा," अक्का हात लावून दाखवायची. "काचंच्या भिंतीला लागून लाल खुर्च्या, पाय लांब करायच्या. इडल्या, उपमा, पुऱ्या, समदं वाफाळत मांडलेलं. गुलाबजामाचं पातेलं तर आपल्या जेवणावळीतल्याएवढं. कापीचं मशीन. अन् न्हाणी सुदिक हाय, गरम पाण्याची. कवाबी जा, कितीबी येळ बसा. कुणी ऊठ म्हणत न्हाई."

"अगाई! फुकट?" बायका तोंडात बोटं घालायच्या.

"पोराच्या कार्डावर."

बघता बघता मठातली सतरंजी उलटी फिरली. जगदेवी खांबाला टेकून एकटी, बायका अक्काभोवती. पुरणात जायफळ किती घालायचं हेसुद्धा आता अक्काला विचारायला लागल्या. जगदेवीच्या पुरणाला अख्खी गल्ली नावाजायची आणि आता विचारतात कुणाला, तर लाउंजात जाऊन आली म्हणून अक्काला! लाउंजाचा अन् जायफळाचा संबंध काय? पण सांगणार कोणाला. जगदेवी घरी येऊन भांडी आपटायची, आणि गुरुपादप्पा निमूट पेपर वाचायचे.

यंदा तिचा वीरेश बंगळूरला नोकरीला लागला. "आई, तुम्ही दोघं या. सरळ जाणारं विमान बघतो," तो फोनवर म्हणाला.

"सरळ नको," जगदेवी म्हणाली. "मधी तीन तास थांबणारं बघ. अक्का गेली तसलं. अन् तुझ्या कार्डावर लाउंज हाय का ते आधी सांग."

गुरुपादप्पांनी कपाळाला हात लावला. लोक वेळ वाचावा म्हणून विमानानं जातात, ही वेळ घालवायला निघाली!

जायच्या दिवशी पहाटे तीनला गाडी येणार होती. गुरुपादप्पा दोनलाच उठून न्हाले, पूजा केली, बायकोलाही म्हणाले, "पाणी तापलंय, उरकून घे."

"मी तिथं न्हाईन."

"तिथं कुठं?"

"लाउंजात. न्हाणी हाय तिथं. अक्कानं नुसती बघितली. मी न्हाऊन दाखविते, तिथंच पूजा करते अन् मंग समदं खाते."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. जगदेवीनं पिशवीत टॉवेल, साबण, विभूती, बेलाची पानं आणि पितळी गडू घेतला आणि पारोशीच गाडीत बसली. तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही.

नांदेडचं विमान वेळेत सुटलं, हैदराबाद आलं, आणि नऊच्या सुमाराला दोघं लाउंजच्या दारात उभी राहिली. वीरेशनं पाठवलेलं मोबाइलवरचं दाखवलं, तिथल्या मुलीनं मान लववून आत सोडलं. आणि अक्कानं सांगितलेलं सगळं समोर! गालिचा, काच, लाल खुर्च्या. एक खुर्ची काचेजवळ रिकामी दिसली तशी जगदेवी धावलीच. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी तशी तिनं त्या खुर्चीत आपली पिशवी टाकली, टॉवेल-साबण काढून घेतला आणि उलट पावली त्या मुलीकडं आली.

"बेटी, न्हाने का किधर है?"

मुलगी गोड हसली. म्हणाली, आंटी, त्याला आधी नाव लिहावं लागतं. आता सव्वाबाराला नंबर लागेल.

यांचं विमान पावणेबाराचं.

जगदेवीनं तिला दोनदा सांगून पाहिलं की फक्त दोन गडू अंगावर घेते. मुलगी दोनदा तितकंच गोड हसली. झालं! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. हात-तोंड धुऊन पूजा उरकणाऱ्या बायकांना ती नावं ठेवत आली होती. आता स्वतःच कशी उरकणार? टॉवेल काखेत मारून ती परत आली, तर गुरुपादप्पा दोन बशा भरून बसलेले.

"अगं, इडली लई मऊ हाय," ते म्हणाले आणि तिचं तोंड बघून गप्प झाले. खाणं मात्र थांबवलं नाही.

जगदेवी त्या मांडलेल्या अन्नावरून फिरायला लागली. एकेका झाकणाखालून वाफ यायची आणि तिची पावलं तिथंच रेंगाळायची. आजूबाजूला नाना तऱ्हेची माणसं. एकजण उपम्याकडं ढुंकूनही न बघता मोबाइल चार्ज करायला भिंती चाचपत होता. एक बाई कॉफी पुरेशी गरम नाही म्हणून भांडत होती. एकानं तर आल्या आल्या डोळ्यांवर पट्टी बांधून घोरायलाच सुरुवात केली. जो तो काहीतरी हक्कानं मागत होता, आणि जिनं वर्षभर या जागेचा ध्यास घेतला ती उपाशी!

आणि गुलाबजामाच्या पातेल्यापुढं उभी असतानाच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

अक्कानं वर्षभर सगळं सांगितलं, पण मीठ? दुसऱ्याच्या घरी घासभर भात खाल्ला तरी मीठ कमी का जास्त हे सांगितल्याशिवाय अक्काला पचत नाही. आणि या उपम्याच्या मिठाबद्दल, या गुलाबजामाच्या गोडीबद्दल एक शब्द नाही! म्हणजे अक्काची पूजाही राहिलीच होती. अक्कानंही काही खाल्लं नव्हतं!

जगदेवीला इतका आनंद झाला की भूकच मेली. आता तिला ठाऊक झालं की अक्काजवळ काय नाही. ती तडक नवऱ्याकडं आली. "अहो, उपम्यात मीठ कसं हाय?"

"बेताचं. का गं?"

"गुलाबजाम?"

"खाल्ला न्हाई अजून."

"मंग खा की! अन् पुरी. अन् ती हिरवी चटणी. अन् नीट सांगा."

पुढचे दोन तास त्या माणसानं बायकोच्या हुकमानं खाल्लं. ती आणत होती, तो चाखत होता, ती पाठ करत होती. शेवटी गुरुपादप्पा हात जोडून म्हणाले, "शरण आलो, आता पोटात जागा न्हाई." तेवढ्यात विमानाची वेळ झाली. जगदेवीनं पिशवी उचलली आणि निघाली. तिच्या तोंडात पहिला घास पडला तो वीरेशच्या घरी, न्हाऊन पूजा झाल्यावर, दुपारी साडेतीनला.

पंधरा दिवसांनी लातूरला आल्यावर पहिला सोमवार. भजन संपलं. जगदेवी खांब सोडून मधोमध येऊन बसली आणि सुरू झाली.

"उपम्यात मीठ बेताचं, पर कढीपत्ता लई. पुरी जरा तेलकट. गुलाबजाम मात्र काय सांगू, आतपर्यंत पाक मुरलेला! आठ खाल्ले मी. चटणीत पुदिना जास्ती झालता, त्या पोरीला सांगितलं मी तसं."

बायका सरसावून बसल्या. कुणी अक्काकडं बघेना. जगदेवीला वाटलं, तीस वर्षांचं फिटलं. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून अक्काकडं पाहिलं. अक्का खाली मान घालून वाती वळत होती.

तेवढ्यात गंगम्मानं पदर सावरला. "जगदेवी, तीनला तुमची गाडी आली ना गं? आमच्या दारापुढंच उभी होती, मी खिडकीतनं बघितलं. तुझे केस कोरडे होते, डोक्यावरून न्हालेली दिसली न्हाईस. तुझे मालकच मुलाला सांगत होते फोनवर, आई पारोशी निघाली म्हणून. मंग खाण्याआधी लिंगपूजा कुठं केलीस?"

अक्षरानं सासूच्या मागून मान वर केली.

जगदेवीच्या तोंडचं पाणी पळालं. न न्हाता, पूजा न करता आठ गुलाबजाम खाल्ले म्हणावं, तर आयुष्यभराचा नेम पाण्यात. खाल्लेच नाहीत म्हणावं, तर भर मठात खोटी. हात दाखवून अवलक्षण! चाळीस डोळे तिच्यावर.

"न्हाणी हाय की तिथं," अक्का म्हणाली. वात वळणं थांबलं नव्हतं. "गरम पाण्याची. वर्षभर सांगत आले न्हवं का मी? मीच म्हणले तिला, घरी कशाला घाई करतीस, तिथं ऐसपैस न्हा अन् पूजा कर. दिवसभराचं पाणी तेवढंच वाचंल."

"असं व्हय," गंगम्मा म्हणाली. तिला पटलं नव्हतं, पण अक्कापुढं कोण बोलणार. बायका उठल्या.

दोघी जावा बरोबरच घरी निघाल्या. जगदेवी आतून धुमसत होती. अक्कानं उघडं पाडलं असतं तर बरं, असं तिला खरोखर वाटत होतं. आता ही घागरही अक्कानंच भरून भिंतीवर ठेवली. घराशी आल्यावर तिला राहवेना.

"अक्का, खरं सांगा. तुमी तरी काय खाल्लं होतं तिथं?"

"मी? काई न्हाई. मध्यरात्रीच निघालो, पूजा कुठं झालती माझी."

"मंग वर्षभर इडल्या अन् गुलाबजाम?"

"काय काय मांडलंय ते सांगितलं. खाल्लं म्हणून कवा म्हणले मी? तुमी समद्याच खाऊन मोकळ्या झालात."

"मंग तीन तास केलं तरी काय?"

अक्कानं कडीला हात लावला आणि थांबली. "बसले," ती म्हणाली. "त्या लाल खुर्चीत, पाय लांब करून. शिवप्रसाद म्हणला, आई, झोप जरा. झोपले न्हाई. झोपले तर कळंल कसं? लगीन होऊन आल्यापासनं पयल्यांदा एवढं बसले बघ. आधी सासूबाई, मंग पोरं, मंग ह्यांचं दुखणं. तिथं तीन तास कुणी ऊठ म्हणलं न्हाई. तेवढंच तर सांगत होते मी." मग तिनं विचारलं, "तू बसलीस का न्हाई त्यात? लई मऊ हाय."

"बसले की," जगदेवी म्हणाली आणि घाईनं घरात शिरली.

दार लावून ती तिथंच उभी राहिली. ती लाल खुर्ची तिला जशीच्या तशी दिसत होती. काचेला लागून, समोर विमानं. तिनंच तर धावत जाऊन धरली होती. अडीच तास त्या खुर्चीत तिची पिशवी बसली होती.