नानाचा पहिला निकाल

मी नववीचा तास घेत होतो. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. ऑफिसात धुळ्याहून ट्रंककॉल होता. माझा थोरला भाऊ नाना सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढता काढता कोसळला होता... डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. एरंडोलच्या घरी येऊन मी बायकोला, इंदूला, एवढंच म्हणालो, "नाना गया." तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. नानाचं नाव निघालं की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण ते सूप आणि तो पदर डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आमच्याकडे भावजयीने जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही अशी रीत आहे. इंदूने ती लग्नापासून पाळली. नानाला या रीतीचा भारी कंटाळा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंशी दिवसभर माझा संवाद चालतो आणि घरातल्या माणसाशी बोलायची चोरी, असं तो मोठ्याने म्हणायचा, इंदूला ऐकू जावं म्हणूनच. मग आमची मुलगी सुशी बोलती झाली आणि दोघांची सोय झाली. नाना जेवायला बसला की स्वयंपाकघराच्या दारातून सुशीचा आवाज यायचा, "नाना, आई म्हनस, भरीत आखो वाढू का?" नाना म्हणायचा, "आईले सांग, वाढ, पन मिरच्या तुन्हा बापले दे." पदराआड इंदू हसायची. लग्नच न केलेल्या माझ्या भावाचा सगळा संसार म्हणजे हे जेवण आणि ही पोर.

धुळ्याला तो कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात दवाखान्यांतले नमुने तपासायचा. साठच्या त्या दशकात प्रतिजैविकांचं कोण कौतुक होतं! साध्या सर्दीलाही लोक दुकानातून दोन कॅप्सूल आणायचे, बरं वाटलं की तिसरी घ्यायचे नाहीत. नाना चिडायचा. अर्धवट मार खाल्लेला जंतू पुढच्या वेळी शहाणा होऊन येतो, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. टिपकागदाच्या बारक्या चकत्या तो ऑफिसातल्या पंचिंग मशीनने पाडायचा, औषधात भिजवून वाळवायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, त्यावर चकती ठेवायची. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती बांगडीसारखं स्वच्छ कडं दिसायचं. ही कडी वर्षागणिक लहान होत चालली आहेत, असं तो जळगाव-भुसावळच्या डॉक्टरांना सांगत फिरला. ते हसण्यावारी न्यायचे. "नाना, तुमच्या चकत्या खानदेशच्या उन्हात करपल्या असतील," म्हणायचे. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. उष्णतेने चकतीतलं औषध मरतं, हे नानाइतकं कोणाला ठाऊक होतं?

सत्तरचं दशक उजाडून गेल्यावरच्या एका वैशाखात सुशीला विषमज्वर झाला. एरंडोलला उतार पडेना म्हणून आम्ही तिला धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं. विषमज्वराचं औषध तेव्हा ठरलेलं होतं, क्लोरॅम्फेनिकॉल. तेच चालू झालं, पण ताप हटेना. नानाने तिच्या रक्तातला जंतू वाढवला, त्यावर चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर त्या औषधाच्या चकतीभोवती कडंच नाही, जंतू अगदी तिला खेटून वाढलेला. असं त्याने तोवर कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "नाना, खात्रीने सांगा. तुम्ही म्हणाल तर औषध बदलतो." आणि नेमकी त्याच आठवड्यात वीज सारखी जात होती, फ्रिज तापलेला होता. नानाला डॉक्टरांचं ते जुनं हसणं आठवलं असेल का? मला वाटतं, असेल. आपल्याच लाडक्या पोरीचा निकाल होता, म्हणून तर तो जास्तच काटेकोर झाला. "दोन दिवस द्या," तो म्हणाला, "नव्या कुपीतल्या औषधाच्या चकत्या करून पुन्हा बघतो."

त्या दोन दिवसांत सुशीच्या आतड्याला भोक पडलं... आणि ती गेली.

तिसऱ्याच्या दिवशी नाना एरंडोलला आला. ओसरीवर माणसं बसलेली होती. चप्पल न काढता तो अंगणातच उभा राहिला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, "बापू, पयलाच निकाल खरा व्हता. मीच त्यानावर भरोसा ठेवा नही." कोणी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. मी उठून त्याला मिठी मारली. माझा त्याच्यावर राग नव्हता, तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. इंदू दाराआड उभी होती, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. ती काही बोलली नाही. बोलणार कशी?

तिथून नाना बदलला. पहिली बशी दिसली की तो त्याच पावली दवाखाना गाठायचा, "आज हे दिसतंय, उद्या पुन्हा बघेन, पण औषधाचा विचार आजच करा," असं तोंडी सांगून यायचा. रावेरपासून शिरपूरपर्यंतचे नमुने त्याच्याकडे येऊ लागले. हसणारे डॉक्टर आता आपणहून विचारायला यायचे. किती पोरं त्या तोंडी निरोपांनी वाचली असतील, देव जाणे.

सणावाराला तो येत राहिला. इंदू त्याच्या आवडीचं भरीत करायची, ताट मी नेऊन ठेवायचो. आता दारातून कोणी विचारणारं नव्हतं. नाना मान खाली घालून जेवायचा, आणि बसस्टँडवर निघाला की दर खेपेला मला तेच विचारायचा, "इंदू मन्हावर रागे भरेल शे का रे?" मी म्हणायचो, "नही नाना, तसं काय नही." पण मला तरी काय माहीत होतं? इंदूचं गप्प राहणं मर्यादेचं आहे की रागाचं, हे मला इतक्या वर्षांत उमगलं नाही. मी एकदा तिला सरळ विचारलं, तर ती उठून आत गेली. नाना हा प्रश्न मनात घेऊनच गेला, याचं मला फार फार वाईट वाटतं.

गेल्या पंधरवड्यात नानाचं सामान आणायला आम्ही दोघं धुळ्याला गेलो. इंदूने प्रयोगशाळा कधी पाहिली नव्हती. ती उंबऱ्याशीच थांबली, डोक्यावर पदर घेऊन, नाना आत बसला असावा तशी. नानाचा विद्यार्थी प्रकाश आता तिथेच शिकवतो. फ्रिज रिकामा करताना त्याचा हात अडखळला. कापसाचा बोळा लावलेली एक काचेची नळी त्याने बाहेर काढली. आत खाद्याच्या तिरक्या थरावर जंतूंची पांढुरकी साय धरलेली होती. चिठ्ठीवर नानाच्या हातचं अक्षर, 'सुशी'.

"सरांनी नव्या चकत्या केल्या की आधी औषधाने मरणाऱ्या एका जंतूवर आणि मग यावर लावून बघायचे," प्रकाश खालच्या आवाजात म्हणाला. "औषध याला मारत नाही हे पक्कं ठाऊक होतं ना. तिकडे कडं आलं आणि इकडे नाही, की आपला निकाल खोटा नाही हे कळायचं. खाद्य संपलं की नव्या नळीत घालायचे, स्वतःच. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

ज्याने माझी पोर नेली तो जंतू माझ्या भावाने इतकी वर्षं पोसला होता! "टाकून दे ते," मी ओरडलोच, "मारून टाक, उकळून टाक!"

प्रकाश नळी घेऊन तसाच उभा राहिला. तेवढ्यात इंदू उंबरा ओलांडून आत आली. नळीच्या अगदी जवळ गेली, चिठ्ठीवरचं नाव तिने वाचलं.

"हाई जित्तं शे?" तिने विचारलं.

"हो काकू."

मग नानाच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली, आणि जन्मात पहिल्यांदा नानाच्या दिशेने तोंड करून बोलली. डोक्यावरचा पदर खाली घसरला होता, तो तिने सावरला नाही.

"नाना, इतला वरीस एकलानीच सांभाळं तुम्ही... आते याले कोन सांभाळी?"