चिंधीतली मोहफुलं

माझी चुलती भागीरथा हिच्याइतकी भांडखोर बाई आमच्या ढिवरमोहल्ल्यात, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, झाली नाही, असं लोक सांगतात. सांगू देत. तिच्या जागी ते असते तर त्यांनी मोहल्लाच पेटवला असता.

तिची थोरली लेक कमळा. चौदा वर्षांची, कामाला वाघीण, पण वरचे दात पुढे आलेले, ओठ मिटत नसत, जीभ सदा दातांच्या मध्ये. चोपन्न सालच्या शिमग्यानंतर पाहुणे तिला बघायला आले, चहा ढोसला आणि पोरीचं तोंड मिटत नाही म्हणून उठून गेले. जणू बैलबाजारात आले होते मेले! त्यावर कडी म्हणजे भागीरथाची सासू सोनीबाई सगळ्यांदेखत म्हणाली की पोटुशी असताना हिनं गरानात, म्हणजे ग्रहणात, मासा चिरला, त्याचं हे फळ. वर्षानुवर्षं हेच ऐकून चुलतीलाही ते खरं वाटू लागलं होतं.

पुढच्याच महिन्यात कमळाची दाढ सुजली. चुलती तिला वडशाच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, लहानपणी ही काय चोखायची?

आमच्याकडे बाया झिंगे धरायला तळ्यात उतरतात, तेव्हा तान्ही पोरं पाळीवर, तळ्याच्या बांधावर, निजवून जातात. रडू नयेत म्हणून भिजवलेली मोहफुलं चिंधीत बांधून तोंडात देतात. गोड रस सुटतो, पोर गप्प. तीन-तीन वर्षं हेच चालतं. डॉक्टर म्हणाले, जीभ टाळूला टेकलेली राहिली पाहिजे, त्यानं जबडा रुंद वाढतो. चिंधीनं जीभ खाली दबली, टाळू अरुंद राहिला, दात पुढे आले. आता हाडं जून झाली, माझ्याकडे इलाज नाही.

चुलती परतली ती फणफणतच. घराघरांत शिरून तिनं पोरांच्या तोंडातल्या चिंध्या ओढल्या आणि चुलीत घातल्या. बाया शिव्या देत मागे धावल्या. घरी येऊन पाहते तर सोनीबाई चुलतीच्या सहा महिन्यांच्या लेकाला, झिंगूला, चिंधीच देत होती. चुलतीनं सासूचा हात धरला.

"गरान नाई बाई, तुमच्या ह्या चिंधीनं माह्या पोरीचं वाटोळं केलं."

सोनीबाई हात सोडवत म्हणाली की मग तळ्यात कोण उतरेल आणि पोर कोण सांभाळेल? लोक हसतात म्हणून कमळा चारचौघांत तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं.

"बुढी तं घरी राहे, माय. पाळीवर माह्या तोंडात चिंधी तूच देत होती ना?"

अख्ख्या मोहल्ल्याला पुरून उरलेली बाई मटकन खाली बसली. मला आजही त्या दिवसाचा संताप येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. कमळानं रडणाऱ्या झिंगूला कडेवर घेतलं.

"उद्यापासून तू तळ्यात जा. याले मी पाहीन."

तीन वर्षं तिनं त्याला पाळीवर मांडीवरून खाली ठेवलं नाही. झिंगूचे दात सरळ आले. तो हसला की सगळ्यांना कौतुक वाटे. चुलती तेवढी दुसरीकडे पाहायची.