नियमात बसलेली चूल

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या घरावर मुलाने मजला चढवला, तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. गच्चीवर चूल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे लागतात आणि मांडे खापरावरच होतात. खापर म्हणजे मातीचं पसरट भांडं, ते चुलीवर पालथं घालतात. गॅसवर ठेवलं तर मांडा मधे करपतो, कडेला कच्चा राहतो. पटत नसेल त्याने करून बघावं.

चूल मीच घातली. खानदेशात घालतो तशी, भिंतीला चिकटून, म्हणजे वारा लागत नाही. तिला लागूनच गावाहून आणलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या, म्हणजे कोरड्या राहतात. वर प्लास्टिक ताणलं. सून घरी साड्यांना लेस लावते, तिचे गठ्ठेही तिथेच शेजारी.

मजल्याचा दाखला द्यायच्या आधी पालिकेचा साहेब बघायला आला. खाली सगळीकडे मान डोलावली. गच्चीवर आला आणि थांबला.

“बा, आ नै चाले,” गुजरातीत म्हणाला; त्यांच्यात बा म्हणजे आई. मग मोडक्या मराठीत सांगितलं, “लागून जळण, वर प्लास्टिक, बाजूला साड्या. एक ठिणगी उडाली तर घर जाईल. दाखला नाही मिळणार.”

मुलगा लगेच म्हणाला, “माय, काढून टाक ना ती चूल. मांडे विकत आणू.”

“विकतचे तू खा. आखाजीला लेक माहेरी येईल, तिच्या पानात पुडीतले वाढू?”

राग आला होता, पण साहेब खोटं बोलत नव्हता. गावात चुलीमागे मातीची जाड भिंत होती. इथे सगळं भपकन पेटणारं. मी त्याला विचारलं, “चूलच नको, की अशी नको?”

“अशी नको.”

“मग कशी पाहिजे ते सांगा. आखाजीच्या आत पुन्हा बघायला या.”

त्याने सांगितलं, मी डोक्यात ठेवलं. चूल फोडली. गच्चीच्या मधे विटांचा थर दिला, त्यावर फरशी, फरशीवर नवी चूल. धुराचा पत्र्याचा पाइप जिन्याच्या खोलीच्याही वर नेला, तेवढ्यापुरता माणूस लावला. प्लास्टिक काढलं. पऱ्हाट्या लांब दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या. सुनेचे गठ्ठे खाली गेले. ती म्हणाली, “आता मी झोपू कुठे, गठ्ठ्यांवर?” मी म्हणाले, “झोप. मऊ लागेल.”

पेटवून बघितली तर जाळ एका बाजूला पळायला लागला. भिंत सुटली, वारा मोकळा झाला. पहिला मांडा अर्धा काळा, अर्धा पांढरा निघाला. मुलगा हसला. मी चुलीपासून थोडं अंतर सोडून वाऱ्याच्या बाजूने विटांची कंबरेएवढी आडभिंत उभी केली. लाकडाचा तुकडा नाही, कापडाची चिंधी नाही. जाळ सरळ झाला.

साहेब आला त्या दिवशी मी मुद्दाम चूल पेटती ठेवली होती. त्याने टेप लावून मापं घेतली, पाइपाकडे मान वर करून बघितलं, आडभिंत हाताने हलवून बघितली. हलली नाही.

“आ कोणे बनाव्यूं?”

“मी.”

खापरावर मांडा फुलत होता. साहेबाची नजर तिकडे गेली. म्हणाला, “बा, चाखायला मिळेल?”

“आधी सही करा. नाहीतर लोक म्हणतील, मांडा चारून पास केलं.”

त्याने हसत सही केली. मग दोन मांडे खाल्ले, दूध-तूप घालून. मुलालाही दिला, तेव्हा म्हणाला, “माय, चूल झ्याक झाली.” झालीच होती.

आखाजीला लेक आली. तिच्या पाठोपाठ गल्लीतल्या बायकाही आपापलं पीठ घेऊन आल्या, कारण दाखला मिळालेली चूल गल्लीत माझीच. एकीच्या अंगावर नवीकोरी झुळझुळीत साडी होती, आमच्या सुरतेचीच, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटणारी. तिला मी जिन्यातूनच परत पाठवलं.

“सुती नेसून ये.”

“मावशी, हाही पालिकेचा नियम का?”

“हा माझा.”

ती सुती नेसून आली, मग तिला खापराजवळ बसू दिलं.